गर्ट्रूड एलियन

गर्ट्रूड बेल एलियन (जन्म : २३ जानेवारी १९१८, न्यूयॉर्क, मृत्यू : २१ फेब्रुवारी १९९९, चॅपेल हिल, नॉर्थ कॅरोलिना) या अमेरिकन औषधी रसायनशास्त्रज्ञ होत्या. रक्ताच्या कर्करोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरीन, अवयव प्रत्यारोपणात वापरले जाणारे अ‍ॅझाथायोप्रिन, गाउट या सांधेविकारावरील अ‍ॅलोप्युरिनॉल आणि हर्पीस विषाणूंवरील असायक्लोव्हिर ही औषधे त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून निर्माण झाली. १९८८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉर्ज हिचिंग्ज व सर जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत विभागून देण्यात आले. त्यांनी पीएच.डी. पदवी घेतलेली नव्हती.

जुळतील ती संयुगे तयार करून त्यांतले एखादे गुणकारी ठरते का हे पाहत राहण्याऐवजी, निरोगी पेशी आणि रोगकारक पेशी यांच्या रासायनिक व्यवहारांतील फरक शोधावा व त्या फरकावर नेम धरून औषध घडवावे, ही दृष्टी रुजवण्यात एलियन व हिचिंग्ज यांचा वाटा मोठा आहे.

बालपण व शिक्षण

एलियन यांचे वडील रॉबर्ट हे लिथुआनियातून वयाच्या बाराव्या वर्षी अमेरिकेत आलेले दंतवैद्य होते. आई बर्था याही पूर्व युरोपातून लहानपणीच स्थलांतरित झाल्या होत्या. गर्ट्रूड यांच्या जन्मानंतर सहा वर्षांनी त्यांच्या भावाचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहू लागले. १९२९ च्या शेअर बाजारातील कोसळीत वडिलांची मिळकत बुडाली. महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च घराला पेलणारा नव्हता, परंतु मुलींसाठी असलेल्या हंटर महाविद्यालयात शिक्षण विनामूल्य होते आणि उत्तम गुणांमुळे गर्ट्रूड यांना तेथे प्रवेश मिळाला.

त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबांचे पोटाच्या कर्करोगाने निधन झाले. आजोबांच्या अखेरच्या दिवसांतील यातना पाहून आपण या रोगाविरुद्ध काही करावे असे त्यांच्या मनाने घेतले व त्यांनी रसायनशास्त्र हा विषय निवडला, असे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. १९३७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाल्या.

यानंतरचा काळ कसोटीचा ठरला. त्यांनी पदव्युत्तर शिक्षणासाठी पंधरा ठिकाणी शिष्यवृत्तीचे अर्ज केले. एकही मंजूर झाला नाही. मंदीच्या दिवसांत नोकऱ्या थोड्या होत्या आणि प्रयोगशाळांमध्ये स्त्रियांना घेण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. त्यांनी काही आठवडे टंकलेखन वगैरे शिकवणाऱ्या वर्गात काढले, तीन महिने परिचारिकांना जीवरसायनशास्त्र शिकवले आणि मग एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत प्रारंभी बिनपगारी काम पत्करले. साठवलेल्या पैशांतून व घरच्यांच्या मदतीने १९३९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. रसायनशास्त्राच्या त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. दिवसा शाळांमध्ये रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकवायचे आणि रात्री व सुटीच्या दिवशी प्रयोग करायचे, असा क्रम सांभाळून १९४१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली.

त्याच वर्षी त्यांचा वाग्दत्त वर हृदयाच्या अंतःस्तराला झालेल्या जिवाणुसंसर्गाने मरण पावला. पेनिसिलीन काही वर्षे आधी उपलब्ध असते तर तो वाचू शकला असता. एलियन पुढे अविवाहित राहिल्या.

बरोज वेलकम कंपनीतील प्रवेश

दुसऱ्या महायुद्धात पुरुष रसायनशास्त्रज्ञ सैन्यसेवेत गेल्यामुळे प्रयोगशाळांतील जागा रिकाम्या होऊ लागल्या. एलियन यांना प्रथम एका खाद्यपदार्थ कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम मिळाले. लोणच्याची आम्लता मोजणे, मेयोनीजचा रंग पारखणे अशा स्वरूपाचे ते काम होते. शिकण्यासारखे उरले नाही असे वाटल्यावर दीड वर्षाने त्यांनी ते सोडले. १९४४ साली त्या न्यूयॉर्कजवळील टकाहो येथील बरोज वेलकम या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या सहायक म्हणून रुजू झाल्या. या कंपनीची माहिती त्यांना वडिलांकडून मिळाली होती. त्यांच्या दवाखान्यात कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांचे नमुने येत असत.

हिचिंग्ज यांनी सहायकांना स्वतंत्रपणे विचार करण्याची मुभा दिली. संयुगे तयार करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ म्हणून आलेल्या एलियन लवकरच सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, औषधक्रियाशास्त्र व प्रतिकारशास्त्र या क्षेत्रांतही काम करू लागल्या. आपण तयार केलेल्या संयुगाचे शरीरात पुढे काय होते, हे स्वतः तपासण्याची सवय त्यांच्या साऱ्या संशोधनाचा कणा ठरली.

पीएच.डी.साठी त्यांनी ब्रुकलिन पॉलिटेक्निक संस्थेत रात्रवर्गांना नाव नोंदवले होते. दररोज लांबचा प्रवास करून काही वर्षे अभ्यास केल्यावर, पदवी हवी असल्यास नोकरी सोडून पूर्णवेळ विद्यार्थी व्हावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नोकरी निवडली व पदवीचा विचार सोडून दिला. याच संस्थेने १९८९ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

संशोधनामागील तत्त्व

१९४० मध्ये डोनाल्ड वुड्स व पॉल फिल्ड्स यांनी सल्फा औषधांच्या कार्याचा उलगडा केला होता. जिवाणूंना वाढीसाठी लागणाऱ्या एका द्रव्याशी सल्फा औषधांच्या रेणूचे साम्य असते. जिवाणू फसतो, खऱ्या द्रव्याच्या जागी हे बनावट द्रव्य घेतो आणि त्याची वाढ खुंटते. अशा बनावट द्रव्यांना प्रतिचयापचयक म्हणतात. हिचिंग्ज यांनी हीच कल्पना न्यूक्लिइक आम्लांना लावली. प्रत्येक पेशीला विभाजनापूर्वी न्यूक्लिइक आम्ल तयार करावे लागते. कर्करोगाच्या पेशी, जिवाणू व विषाणू झपाट्याने वाढत असल्याने त्यांना त्याच्या घटकांची गरज अधिक असते. म्हणून त्या घटकांसारखे दिसणारे पण निरुपयोगी रेणू पुरवले, तर निरोगी पेशींना फारसा धक्का न लावता या वाढीला आवर घालता येईल, असा हा तर्क होता. त्या वेळी डीएनएची रचना उलगडलेली नव्हती. वॉटसन व क्रिक यांचा शोधनिबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

न्यूक्लिइक आम्लांच्या घटकांपैकी प्युरीन गटातील संयुगांचे काम एलियन यांच्याकडे आले. नव्या संयुगांची चाचणी लॅक्टोबॅसिलस केसी या जिवाणूवर केली जाई. फॉलिक आम्ल मिळाल्यास हा जिवाणू प्युरीने स्वतः तयार करतो; थायमीन व तयार प्युरीन पुरवल्यास फॉलिक आम्लावाचूनही वाढतो. त्यामुळे एखादे संयुग नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडथळा आणते, हे या साध्या जिवाणूवरून ओळखता येई.

याच काळात फॉलिक आम्लाच्या बाजूनेही कर्करोगाशी झुंज सुरू होती. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्लविरोधी संयुगे तयार झाली आणि सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे संयुग ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन त्याचे परिणाम १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचाराचा पाया या दोन समांतर प्रवाहांनी घातला.

६-मर्कॅप्टोप्युरीन

एलियन यांनी तयार केलेले २,६-डायअमिनोप्युरीन हे संयुग १९४८ मध्ये जिवाणूंची वाढ रोखते असे आढळले. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत जोसेफ बर्चेनल यांनी ते ल्युकेमियाच्या काही प्रौढ रुग्णांना दिले. एका तरुण रुग्णेचा आजार सुमारे दोन वर्षे आटोक्यात राहिला. पुढे तो उलटला व तिचा मृत्यू झाला. या घटनेचा एलियन यांच्या मनावर खोल परिणाम झाला. शिवाय हे औषध तीव्र मळमळ व उलट्या घडवणारे होते. अधिक चांगले संयुग शोधणे अपरिहार्य होते.

शंभरांहून अधिक प्युरिनांच्या तपासणीतून असे दिसले की, प्युरिनाच्या सहाव्या स्थानी ऑक्सिजनऐवजी गंधकाचा अणू बसवल्यास पेशीचा प्युरीन-व्यवहार परिणामकारकपणे रोखला जातो. यातून ६-मर्कॅप्टोप्युरीन व ६-थायोग्वानीन ही दोन औषधे मिळाली. त्या काळी तीव्र ल्युकेमिया झालेली निम्मी मुले निदानानंतर तीन-चार महिन्यांतच दगावत. ६-मर्कॅप्टोप्युरीनमुळे अनेक मुलांचा आजार पूर्ण ओसरला आणि आयुर्मर्यादेचा हा मध्यांक सुमारे बारा महिन्यांवर गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९५३ मध्ये या औषधाला मान्यता दिली.

एकट्या औषधाने आजार कायमचा बरा होत नव्हता. बहुतेक मुलांमध्ये तो पुन्हा उद्भवे. पुढील दोन-तीन दशकांत अनेक औषधांचा क्रमवार एकत्रित वापर करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आणि या उपचारांच्या दीर्घ अखेरच्या टप्प्यात ६-मर्कॅप्टोप्युरीनला कायमचे स्थान मिळाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह भारतातील काही केंद्रांत १९८४ पासून वापरल्या गेलेल्या एमसीपी-८४१ या उपचारपद्धतीतही या औषधाचा समावेश होता. प्रगत उपचार उपलब्ध असलेल्या ठिकाणी आज तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात.

अ‍ॅझाथायोप्रिन व अवयव प्रत्यारोपण

६-मर्कॅप्टोप्युरीन शरीरात लवकर निष्प्रभ होते, असे त्याच्या चयापचयाच्या अभ्यासातून एलियन यांना दिसले. हा ऱ्हास लांबवण्यासाठी त्याच्या गंधकाला दुसरा रासायनिक गट जोडून त्यांच्या गटाने १९५७ च्या सुमारास अ‍ॅझाथायोप्रिन तयार केले. कर्करोगावर ते मूळ औषधापेक्षा सरस ठरले नाही. त्याचे खरे महत्त्व दुसऱ्याच क्षेत्रात प्रकट झाले.

बॉस्टन येथील रॉबर्ट श्वार्ट्झ व विल्यम डेमशेक यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, ६-मर्कॅप्टोप्युरीन दिलेले ससे परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत नाहीत. रॉय काल्न या तरुण ब्रिटिश शल्यविशारदाने हे वाचून मूत्रपिंड प्रत्यारोपण केलेल्या कुत्र्यांवर या औषधाचा प्रयोग केला. परका अवयव शरीराने नाकारण्याची क्रिया त्याने लांबली. काल्न यांनी एलियन व हिचिंग्ज यांच्याशी संपर्क साधल्यावर त्यांना अ‍ॅझाथायोप्रिन देण्यात आले व ते अधिक उपयुक्त ठरले. तोवर मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे यश मुख्यत्वे एकसारख्या जुळ्या भावंडांपुरते मर्यादित होते. १९६२ मध्ये बॉस्टनचे जोसेफ मरे यांनी अ‍ॅझाथायोप्रिनच्या साहाय्याने नात्याबाहेरील दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सायक्लोस्पोरिन येईपर्यंत सुमारे दोन दशके प्रत्यारोपणाची मदार अ‍ॅझाथायोप्रिन व स्टेरॉइड यांच्या जोडीवर होती. संधिवात, ल्युपस, आतड्याचा दाहविकार इत्यादी स्वयंप्रतिकारजन्य रोगांत ते आजही दिले जाते.

अ‍ॅलोप्युरिनॉल

६-मर्कॅप्टोप्युरीनचे विघटन झँथीन ऑक्सिडेज या विकराकडून होते. हे विकर अडवल्यास औषधाचा परिणाम वाढेल, या अपेक्षेने अ‍ॅलोप्युरिनॉलची निवड झाली. रुग्णांवरील चाचण्यांत परिणाम वाढला, परंतु त्याच प्रमाणात विषारीपणाही वाढल्याने कर्करोगाच्या उपचारात नक्त लाभ झाला नाही. मात्र हेच विकर शरीरात यूरिक आम्ल तयार करण्याचे काम करते. अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील यूरिक आम्ल कमी झाल्याचे दिसताच ड्यूक विद्यापीठाचे वेन रंडल्स यांच्या सहकार्याने गाउटवरील उपयोगाचा अभ्यास हाती घेण्यात आला. या रोगात यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यांत साचून असह्य वेदना होतात व मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. १९६६ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

काळा आजाराला कारणीभूत असणारे लीशमानिया परजीवी अ‍ॅलोप्युरिनॉल हेच प्युरीन समजून वापरतात आणि त्यामुळे त्यांची वाढ थांबते, असेही पुढे आढळले. माणसाच्या पेशी असे करीत नाहीत. कुत्र्यांमधील लीशमानिया रोगावर या औषधाचा वापर होतो.

असायक्लोव्हिर

१९६७ मध्ये हिचिंग्ज प्रशासकीय पदावर गेले आणि एलियन प्रायोगिक उपचार विभागाच्या प्रमुख झाल्या. १९७० मध्ये कंपनीची प्रयोगशाळा नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल पार्क येथे हलली. विषाणू यजमान पेशीचीच यंत्रणा वापरत असल्याने पेशीला न दुखावता विषाणूला मारणारे औषध मिळणे अशक्यप्राय आहे, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता.

आपल्या जुन्या डायअमिनोप्युरीन संयुगाला अ‍ॅरॅबिनोज ही शर्करा जोडून एलियन यांनी १९६८ मध्ये ते इंग्लंडमधील जॉन बाऊअर यांच्याकडे तपासणीसाठी पाठवले. ते हर्पीस विषाणूंवर परिणामकारक ठरले. पुढे हॉवर्ड शेफर यांनी शर्करेचे वलय पूर्ण नसले तरी विकरे फसू शकतात, असे दाखवले. या दोन धाग्यांच्या गुंफणीतून असायक्लोव्हिर साकारले.

एलियन यांच्या गटाने त्याचे कार्य टप्प्याटप्प्याने उलगडले. असायक्लोव्हिर मुळात निष्क्रिय असते. हर्पीस विषाणूचे थायमिडीन कायनेज नावाचे स्वतःचे विकर त्याला फॉस्फेट जोडते. निरोगी पेशीतील विकर हे काम जवळजवळ करीतच नाही. त्यानंतर पेशीतील इतर विकरे आणखी दोन फॉस्फेट गट जोडतात आणि सक्रिय झालेले औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीची वाढ मध्येच थांबवते. म्हणजे विषाणू स्वतःच स्वतःचे विष सिद्ध करतो, आणि तेही केवळ संसर्ग झालेल्या पेशीत. १९७७ व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले यासंबंधीचे शोधनिबंध विषाणूरोधक औषधशास्त्रात मूलभूत मानले जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध ओठांवरील व जननेंद्रियांवरील हर्पीस, नागीण, कांजिण्या आणि हर्पीसमुळे होणारा प्राणघातक मेंदूदाह यांवर दिले जाते.

निवृत्तीनंतरचे कार्य

१९८३ मध्ये एलियन विभागप्रमुख पदावरून निवृत्त झाल्या, तरी सल्लागार म्हणून प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध कायम होता. १९८३–८४ मध्ये त्या अमेरिकन कर्करोग संशोधन संघटनेच्या अध्यक्षा होत्या. ड्यूक विद्यापीठात वैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांना त्या संशोधनाचे मार्गदर्शन करीत. त्यांच्या जुन्या विभागातील संशोधकांनी एड्सवरील पहिले औषध झिडोव्ह्युडिन विकसित केले व त्याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. या शोधाचे श्रेय एलियन यांनी स्वतःकडे घेतले नाही. सहकाऱ्यांना कार्यपद्धती शिकवली, एवढाच आपला वाटा असल्याचे त्या सांगत. छायाचित्रण, प्रवास व ऑपेरा यांची त्यांना आवड होती. नोबेल पारितोषिकाच्या रकमेतील काही भाग त्यांनी हंटर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनींच्या शिष्यवृत्तीसाठी दिला.

शास्त्रीय प्रभाव

नोबेल समितीने १९८८ मध्ये एखाद्या विशिष्ट औषधासाठी नव्हे, तर औषधोपचारांची महत्त्वाची तत्त्वे शोधल्याबद्दल पारितोषिक दिले. एलियन यांच्या कार्याचा प्रभाव प्रामुख्याने पुढील क्षेत्रांत दिसतो.

• औषधरचना : विकर, परजीवी वा विषाणू यांच्या वैशिष्ट्यावर नेम धरून रेणू घडवण्याची पद्धत औषधनिर्मितीत सर्वमान्य झाली. एचआयव्ही तसेच हिपॅटायटिस बी व सी यांवरील अनेक औषधे न्यूक्लिइक आम्लांच्या घटकांची बनावट रूपे आहेत.

• औषध हेच संशोधनाचे साधन : प्रत्येक संयुगाकडे त्या पेशीच्या व्यवहाराविषयीचा प्रश्न म्हणून पाहण्याची रीत त्यांनी घालून दिली. एका औषधाच्या अपयशातून दुसऱ्याचा उगम झाल्याची उदाहरणे वर आलीच आहेत.

• औषध-आनुवंशिकी : ६-मर्कॅप्टोप्युरीन निष्प्रभ करणाऱ्या टीपीएमटी या विकराचे प्रमाण आनुवंशिकतेनुसार बदलते, हे रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी १९८० मध्ये दाखवले. हे विकर नसलेल्या रुग्णांना नेहमीची मात्रा जीवघेणी ठरू शकते. जनुकतपासणीनुसार मात्रा ठरवण्याचे हे आरंभीचे व आजही दिले जाणारे उदाहरण आहे. आशियाई लोकसमूहांत एनयूडीटी-१५ या जनुकातील बदल याच कारणासाठी महत्त्वाचे ठरले आहेत.

मर्यादा

ही औषधे निर्धोक नाहीत. ६-मर्कॅप्टोप्युरीन व अ‍ॅझाथायोप्रिन यांमुळे अस्थिमज्जेचे कार्य मंदावू शकते. अ‍ॅझाथायोप्रिनच्या दीर्घकाळ वापराने त्वचेच्या व लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एचएलए-बी ५८:०१ हे जनुकरूप असलेल्यांत अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे गंभीर त्वचाविकार होण्याची शक्यता अधिक असते. अ‍ॅलोप्युरिनॉलसोबत ६-मर्कॅप्टोप्युरीन किंवा अ‍ॅझाथायोप्रिन द्यावयाचे झाल्यास त्यांची मात्रा बरीच कमी करावी लागते. त्यामागील कारण एलियन यांच्या गटाच्या मूळ संशोधनातच स्पष्ट झाले होते. असायक्लोव्हिर सुप्तावस्थेतील विषाणूंचा नाश करीत नाही, त्यामुळे आजार पुन्हा उद्भवू शकतो.

पुरस्कार व सन्मान

• गार्व्हन पदक, अमेरिकन केमिकल सोसायटी (१९६८)
• नोबेल पारितोषिक, वैद्यकशास्त्र (१९८८)
• अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व (१९९०)
• राष्ट्रीय विज्ञान पदक, अमेरिका (१९९१)
• अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात समावेश (१९९१). हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला
• लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्यत्व (१९९५)
• हार्वर्ड विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट (१९९८)

त्यांच्या नावावर ४५ एकस्वे आहेत. अमेरिकन कर्करोग संशोधन संघटनेचा एक संशोधन पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. ६-मर्कॅप्टोप्युरीन, अ‍ॅझाथायोप्रिन, अ‍ॅलोप्युरिनॉल व असायक्लोव्हिर ही चारही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहेत.